गाऱ्हाण्यातलं नाव

काळाचौकी,
२५ मे १९५९

प्रिय कांताआत्या,

नमस्कार. कशी आहेस? बाळाला उन्हाचा त्रास होत नाही ना? गुणाजीकाकांना माझा जय भीम सांग. आणि माझ्या मराठीला हसायचं नाही हं. इंग्लिश शाळेत घालायचा हट्ट तुझाच होता, आता वाच हे असलं!

न्यूज म्हणजे, आम्ही मोटारीनं गावी जाऊन आलो! बाबांच्या शेठनी जुनी गाडी दिली. बाबा चालवायला, नाना पुढे, मी मागे पाण्याच्या डब्यांबरोबर. आयडिया माझी. शाळेत फॅमिली ट्री काढायला सांगितली, तर मला पणजोबांचं नावसुद्धा येईना. नाना म्हणाले, "गावाक चल, सगळा दाखवतंय."

कशेडी घाटात इंजिन तापलं, गाडी जागची हलेना. नाना उतरले आणि जमलेल्या लोकांसमोर हात वर करून ओरडले, "संयुक्त महाराष्ट्र...!" "झालाच पाहिजे!" त्याच तालावर लोकांनी गाडी चढावर ढकलली. बाबा म्हणाले, "आधी सांगायचं ना, नाना. पेट्रोल कशाला भरलं असतं?"

गावी घराचं नुसतं जोतं उरलंय. कुणाची तरी बकरी बांधलेली. चूल कुठे, माजघर कुठे, नाना सगळं दाखवत होते. एका कोपऱ्यात म्हणाले, "हय बाळंतिणीची खोली." एवढंच. तू तिथे जन्मलीस, ते मला बाबांनी नंतर सांगितलं. नाना मात्र तिथून हलेचनात.

आत्या, मला एक खरंच कळत नाही. सत्याग्रहात नाना आणि गुणाजीकाका एका कोठडीत होते, एका थाळीत जेवले. नाना चाळीत अजून ते मिरवतात. मग तू त्याच माणसाशी लग्न केलंस तर घरात तुझं नाव काढायचं नाही? दोन वर्षं झाली. वरळी इथून बसनं अर्धा तास. आम्ही पार गावाला पोचलो आणि वरळीला नाही!

बरं, ज्याच्यासाठी पत्र लिहितेय ते आता सांगते.

निघायच्या आधी देवळात गाऱ्हाणं घातलं. कुशाबा गावकर नारळ धरून घरातल्या एकेकाचं नाव देवाला सांगतात आणि मागून सगळ्यांनी होकार द्यायचा.

"ह्येचो झील बाबुराव, तेका बरो ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबांच्या नावाला सगळ्यात मोठा आवाज नानांचा.

"ह्येचा चेडू कांता, तिच्या घरादाराक, पोराबाळांक सुखी ठेव रे म्हाराजा!"

घरात तुझं नाव काढत नाहीत, हे गावात कुणाला ठाऊकच नव्हतं. बाबांनी नानांकडे पाहिलं, मीही. मग सगळेच त्यांच्याकडे बघायला लागले. कुशाबांनी मान वळवली. "काय रे, मुंबयत मोर्च्यात बोंबलतंस, हय देवासमोर वाचा बसली?"

नाना म्हणाले, "व्हय म्हाराजा." इतकं हळू, की मला ओठच दिसले.

परत येताना घोषणा नाही, काही नाही. पनवेल गेल्यावर नाना समोर बघतच म्हणाले, "अंबी, फुडच्या गाऱ्हाण्यात घालूक व्हया. तिच्या चेडवाचा नाव काय?"

मला ठाऊक होतं. बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "विचारून सांगते."

गुणाजीकाका देव मानत नाहीत, माहीत आहे. आणि एकदा "व्हय" म्हटलं म्हणून तुझी दोन वर्षं भरून येत नाहीत, तेही कळतं मला. तुला राग असेल, तर तो असू दे. पण नाना रोज संध्याकाळी विचारतात, "कळला काय गो?" मी सांगते, "अजून उत्तर नाही आलं." पत्र तर आज टाकतेय!

म्हणून बाळाचं नाव पत्रात लिहू नकोस, आत्या. फक्त "या" एवढंच लिही. नाना गावापर्यंत गेले, आता वरळीपर्यंत मी आणते त्यांना. त्यांचं त्यांनाच विचारू दे.

पोस्टमनची वाट बघत दारात बसलेल्या नानांच्या शेजारून,
तुझी अंबी