आकाशपाळण्यातला बिघाड

धाकट्या,

सुखरूप पोचल्याचा तुझा फोन आला. आई सकाळपासून सगळ्या शेजाऱ्यांना तेच सांगते आहे. मी रोज घरी पोचतो, त्याची कधी बातमी होत नाही.

हिवाळ्याच्या जत्रेत मी अकरा वर्षं आकाशपाळणा चालवतोय. दरवर्षी आईला म्हणतो, एकदा बस. तिचं उत्तर ठरलेलं, "नको रे, पोटात गोळा येतो." तू चार दिवसांच्या सुट्टीवर आलास, रोषणाई बघता बघता "चल गं" म्हणालास, आणि ती शाल आवळून तुझ्याशेजारी जाऊन बसली. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय!

तुमचा पाळणा अगदी वर गेला आणि बंद पडला, आठवतंय? मी खालून ओरडलो, "मोटर गरम झालीय!" मोटर गारच होती रे. गरम मी झालो होतो. ब्रेक मीच ओढला. म्हटलं, लटकू दे जरा लाडोबाला. आई घाबरेल, तुझ्यावर चिडेल, पुन्हा तुझं ऐकायची नाही.

काल निघताना तू हसत हसत सांगितलंस, की वर तुझीच पाचावर धारण बसली होती, आणि आई तुझा हात धरून म्हणाली, "भ्यायचं कशाला? खाली दादा आहे ना."

तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. टाकलं, तर तू ते फोनवर आईला वाचून दाखवशील. पण एक सल राहिलाच. अकरा वर्षांत ते वाक्य तिनं मला कधी ऐकवलं नाही. तेही तुलाच मिळालं.

खालीच उभा असलेला,
दादा