शूटचं बटण चिकटतं म्हणून

३ नोव्हेंबर, सोमवार. पवनी
काल फुटबॉलच्या गेममध्ये मेघाकडून हरलो. परत. दोष बटणाचा. शूटचं बटण दाबलं की आतच बसतं. मागे कंट्रोलरवर चहा सांडला होता, साखरेचा. कोणी सांडला, हा मुद्दा गौण.
लग्नानंतर बायकोला हा गेम मीच शिकवला. चेला गुरूला हरवायला लागला की आधी मशीन तपासावी.
निर्णय: बटण साफ होईपर्यंत मॅच बंद. मेघाला कळवलं. ती ‘बरं’ म्हणाली आणि भाजी निवडायला बसली.

४ नोव्हेंबर
ओल्या फडक्याने घासून पुसलं. बटण आणखी चिकट झालं. म्हणजे आतला मळ सुटून राहिला. चांगलं लक्षण.
मेघाचा भाऊ निकेश दिघोरीहून फोनवर म्हणे, भंडाऱ्याला रिपेअरवाल्याकडे टाका. मी साफ नाही म्हटलं. आपली वस्तू आपणच दुरुस्त करायची. स्वाभिमान नावाची काही चीज असते.

६ नोव्हेंबर
कान कोरायच्या कापसाच्या काडीला सॅनिटायझर लावून फटीत फिरवलं. कापूस आतच राहिला. आता बटण वर येतं, खाली जात नाही. अर्धा प्रॉब्लेम सुटला.
मेघा विचारत होती, तोवर लुडो खेळायचा का. मी फोकस हलू दिला नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
पेचकस घेऊन कंट्रोलर उघडला. एक स्प्रिंग उडून तांदळाच्या कोठीमागे गेली. आईने झाडूने काढून दिली.
तेवढ्यात बाबा धानाच्या बांधीतून घरी आले. दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, "धान कापाले माणूस भेटून नाही राहिला, अन् तू बटन धुऊन राहिला?"
मोठ्या कामाला घरातूनच विरोध होतो. हे आटोपलं की बांधीत जाणारच आहे.

९ नोव्हेंबर, रविवार, दुपारी
जमलं! बटण एकदम खटाखट. एक स्क्रू उरला. कंपनी एक्स्ट्रा देत असेल.
निकेश आज पाहुणा आला आहे. बरंच झालं, साक्षीदार पाहिजेच. आज मेघाला दया दाखवायची नाही.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
चार-शून्य.
मी म्हटलं, तुझ्या कंट्रोलरमध्ये काहीतरी आहे, बदल. तिने लगेच बदलला. पाच-शून्य. मग मी टीव्हीबद्दल बोललो. निकेश चहा प्यायचं निमित्त करून आईकडे गेला. तिकडून हसण्याचा आवाज येत होता.
मेघा हसली नाही. कंट्रोलर बाजूला ठेवून हळूच म्हणाली, "हप्ताभर तुमी माह्याजवळ बसलेच नाही. उद्या मीच हारून जाईन. मंग खेळसान का?"
मी ताठ मानेने सांगितलं, आपल्याला असली भीक नको. मॅच होईल तर इमानदारीने होईल, नाही तर होणार नाही. आणि बाहेर ओसरीवर जाऊन बसलो.
थोड्या वेळाने पाणी प्यायला आत गेलो. ती पोळ्या लाटत होती. मी विचारलं, उद्या किती वाजता.