सनोबरने रंगवलेली गल्ली

कोकंद, ५ मार्च १९९८

चि. रोबिया हिस,
हकीमआकाचे अ. आ. वि. वि.

आम्ही सगळे खुशाल. तुझी वहिनी गुडघे धरून बसली आहे, पण जीभ ठणठणीत आहे. अंगणातला जर्दाळू फुलला आहे.

लिहायचं कारण शुभ आहे. तुझ्या लेकीसाठी, आपल्या सनोबरसाठी तिथलंच, ताश्कंदमधलं स्थळ सांगून आलं आहे. मुलगा बहरोम, दातांचा डॉक्टर. माणसं चांगली. मात्र त्याची आई, नजाकतखानम, चौकशी केल्याशिवाय पाऊल टाकणारी नाही. गनीजान गेल्यापासून पोरगी बापाचे ब्रश घेऊन शेजाऱ्यांचे दरवाजे रंगवते, हे माझ्या कानावर आलं आहे. मेहुण्याच्या कलेला मी नेहमीच मान दिला. पण ते पुरुषाचं काम. लग्नाची मुलगी भर गल्लीत शिडीवर, खालून येणारेजाणारे बघताहेत, हे कुठल्या सासूला रुचेल? बोलणी होईपर्यंत तरी शिडी आडवी करून ठेव.

कळावे. रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
तुझा थोरला भाऊ,
हकीम

ताश्कंद, २ मे १९९८

ती. हकीमआका यांस,
रोबियाचा सलाम वि. वि.

तुमचं पत्र आणि मागाहून आलेली वहिनींची चिठ्ठी, दोन्ही पोचली. उत्तराला उशीर केला, कारण काय लिहावं तेच ठरत नव्हतं.

शिडी आडवी झाली नाही. मी एकदा सांगून पाहिलं. सनोबर म्हणाली की शेजारच्या हाजरखालाचा दरवाजा अर्धाच झाला आहे आणि अब्बांनी कधी कुणाचा दरवाजा अर्धा सोडला नव्हता.

नजाकतखानम कळवलेल्या दिवसाच्या आधीच आल्या. एकट्या, साधा सुती झगा, हातात बाजाराची पिशवी. फिरायला निघाल्यासारख्या रमतगमत गल्लीभर हिंडल्या. न्हाव्याच्या पिवळ्या दरवाजासमोर उभ्या राहिल्या, डाळिंबं काढलेल्या निळ्या दरवाजाला हात लावून पाहिला, मग तुतीखालच्या बाकावर हाजरखालाशेजारी जाऊन बसल्या. कोपऱ्यावरच्या गनीजानची मुलगी कशी आहे म्हणून विचारलं. खालाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तिने सांगून टाकलं की पोरगी तिखट बोलते, भात करते तो नेहमी गिचका होतो, पण असा हात सगळ्या ताश्कंदात शोधून सापडायचा नाही; आणि घरात लग्नाचा मुलगा असेल तर बाईने बाकावर वेळ घालवू नये.

मग त्या शिडीखाली आल्या. आमच्या बाईसाहेबांनी मान न वळवता खाली कोण आहे विचारलं आणि निळ्या रंगाचा डबा जरा वर धरायला सांगितलं. त्यांनी धरला, आका. बदामाची अख्खी फांदी रंगवून होईपर्यंत धरला. नंतर सनोबरने त्यांचे हात रॉकेलने पुसून दिले, आणि त्या नाव न सांगता निघून गेल्या.

पुढच्या आठवड्यात तिघीजणी रोट्या आणि मिठाई घेऊन आल्या तेव्हा कळलं की डबा कुणी धरला होता. नजाकतखानमनी स्पष्टच सांगितलं की मुलगी त्यांना मनापासून पसंत आहे. फक्त लग्नानंतर शिडी नको. डॉक्टरची बायको लोकांच्या दारात चढलेली बरी दिसत नाही. घरात बसून हवं तेवढं भरतकाम करावं.

मी आत गेले ती सनोबरला समजवायलाच, खोटं नाही सांगत. ती पियाले पुसत होती. म्हणाली की मी ठरवीन ते तिला मान्य आहे. एवढं म्हणाली आणि नखांतला रंग खरवडत राहिली, आज तो निघायलाच हवा असा. मी तशीच बाहेर आले आणि होकार म्हणून मोडायची ती रोटी न मोडताच परत त्यांच्यापुढे ठेवली. म्हटलं, अर्धी मुलगी द्यायची आमच्यात पद्धत नाही. त्यांनी शांतपणे चहा संपवला आणि निरोप घेतला.

आता तुम्ही काय म्हणाल ते ऐकून घेईन.
माया असू द्यावी.
तुमची धाकटी,
रोबिया

कोकंद, ९ मे १९९८

चि. रोबिया,

आशीर्वाद नंतर लिहीन, आधी राग. एवढं चालून आलेलं स्थळ तू चहाबरोबर परत पाठवलंस, आणि मला कळवलंस सगळं उरकल्यावर. शनिवारी टॅक्सीने घाट ओलांडून येतो आहे. पुलाव करू नकोस. मी जेवायला नाही, बोलायला येतो आहे.

हकीम

कोकंद, २१ मे १९९८

चि. रोबिया हिस, आणि चि. सनोबर हिलाही,
अनेक, मागचे राहिलेले धरून, आशीर्वाद वि. वि.

सुखरूप पोचलो. पुलाव उत्तम होता.

त्या शनिवारी दुपारीच गल्लीत उतरलेला माणूस घरात दिवेलागणीला कसा शिरला, आणि शिरल्यावर स्थळाबद्दल चकार शब्द का बोलला नाही, असं तू दोनदा विचारलंस. तोंडाने सांगता आलं नाही, म्हणून लिहितो.

टॅक्सीवाल्याने गल्लीच्या तोंडाशी सोडलं. मागे आलो होतो तो गनीजानच्या मयतीला. तेव्हा नजर जमिनीवर होती. या वेळी मान वर होती. वर द्राक्षाचे मांडव, बायकांनी नुकतंच शिंपडलेलं पाणी, आणि दोन्ही बाजूंनी ते दरवाजे. निळे, पिवळे, डाळिंबी. कुठला मेहुण्याचा आणि कुठला पोरीचा, मला ओळखता येईना. बाकावर चहा पीत बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं. तो म्हणाला की न्हाव्यापर्यंतचे बापाचे, तिथून पुढचे मुलीचे. आणि मी कोण हे त्याने विचारलं.

मनात भांडणाची पूर्ण तयारी होती, रोबिया. पण तोंडातून निघालं ते असं की मी त्या मुलीचा मामा, सख्खा, कोकंदहून आलोय. तो उठून उभा राहिला. मला बाकावर बसवलं, आदराने आपल्या छातीवर हात ठेवला. मग मी तुझा पाहुणा उरलोच नाही, गल्लीचा झालो. हाजरखालाने मनगट धरून दारोदार फिरवलं, प्रत्येक दारी चहा, आणि प्रत्येक घरमालक आपला दरवाजा सून दाखवावी तसा दाखवत होता. तिसऱ्या दरवाजापासून मीच लोकांना सांगायला लागलो की पानांचं हे वळण आमच्या पोरीचं आहे.

आता काम. आमचा इथला दरवाजा वडिलांच्या वेळेपासून कोरा आहे. काल सुताराकडून घासून घेतला. द्राक्षं उतरली की सनोबरला पाठव. मोहल्ल्यात सांगून ठेवलं आहे. हकीम मास्तरांच्या दारात मुलगी शिडीवर चढणार, म्हणून दोघेतिघे कुजबुजले. त्यांना मी चहाला बोलावलं आहे, त्याच दिवशी, दारासमोरच. शिडी मी धरणार आहे.

वाट पाहतो. दोघींचा लोभ या म्हाताऱ्यावर राहावा.
सनोबरचा मामा,
हकीम