आईचा आवडता मुका माळी

प्रिय प्रफुल्ल,

तुझ्या भुताटकीच्या मालिकेविरुद्ध मी अकोटच्या अंधश्रद्धाविरोधी सभेत गरजलो, "असला भाऊ माझा नाही!" टाळ्या पडल्या. तेव्हापासून तू हिवरखेडला आला नाहीस.

काल मालिकेतल्या तुझ्या तीन भूमिकांपैकी कोणती भारी, यावर शेजारणी भांडत होत्या. रागिणीला रक्त पिणारा जमीनदार आवडतो, सीमाला त्याचा जुळा भाऊ.

आई म्हणाली, "मले त मुका माळीच आवडते. खुरपं डाव्या हातात धरते, थेट तुह्या बापावानी."

"आई, ते सारं खोटं आहे."

"मंग तू सभेत बोलला, थे खरं होतं काय?"

चारचौघांत बोललेलं चारचौघांतच मागे घ्यायला हवं. रविवारी अकोटला पुन्हा सभा आहे. त्याआधी हे पत्र टाकायचा मला हक्क नाही.

तुझाच दादा,
वासुदेव