उसन्या भुवया

५ मे

ठरलं. गुरुवारी पार्लरमध्ये भुवया गोंदवून घेणार. मुनीरा म्हणते, "आई, हे विशी-पंचविशीतल्या मुलींचं काम." मी म्हटलं, विशी-पंचविशीतल्या मुलींना भुवया असतात, बाई. गरज मला आहे.

आत्ताच आरशात बघून आले. डावीकडे मोजक्या काड्या, उजवीकडे त्याही नाहीत. लग्नाच्या आदल्या दिवशी बायकांनी मला बसवून पहिल्यांदा भुवया कोरल्या. तोवर हात लावायची सोय नव्हती — लग्नाआधी मुलीनं भुवई कोरली की सगळ्या मोहल्ल्यात बोभाटा. आणि एकदा कोरल्यावर मला चटकच लागली! तेव्हा दोऱ्याएवढी भुवई म्हणजे फॅशन. वर्षानुवर्षं उपटत राहिले. शेवटी त्या रुसल्या आणि परत आल्याच नाहीत.

खरं कारण लिहूनच टाकते, इथे कोण वाचतंय. जूनअखेर मुनीराचे बाबा रशियातून, कझानच्या बांधकामावरून येतायत. अडीच वर्षांनी. आणि फेब्रुवारीपासून फोनवर तोंड दाखवलेलं नाही. "कॅमेरा बिघडलाय." नुसता आवाज. शेजारच्या सानोबारच्या नवऱ्याचं असंच सुरू झालं होतं. आधी कॅमेरा बिघडला, मग फोन, मग नवरा.

८ मे

झालं एकदाचं.

पार्लरवाली फिरुझा गोड पोरगी. "दुखणार नाही, आपा. मुंगी चावल्यासारखं." एक मुंगी म्हणाली असेल, पण वारूळ आलं होतं. बारीक पात्यानं एकेक केस कोरत होती, रंग भरत होती, वर विचारत होती, "कुणाचं लग्न आहे का घरात?" मी म्हटलं, हो, माझंच, जुनंच.

निघताना तिनं दम भरला. पाणी नाही, वाफ नाही, ऊन नाही, दुसरा कुठलाही रंग नाही. आणि तंदूरपाशी अजिबात जायचं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या थंडपणे म्हणाल्या, "म्हणजे नवऱ्यासाठी भुवया आणि नवऱ्याच्या आईला बाजारचा नान."

वर अंगणातल्या पाण्याच्या पाटाकडे बोट. "तिथे उस्मा उगवलाय. पानं चुरगळायची, काडीला कापूस गुंडाळून रस लावायचा. मी जन्मभर तेच केलं. माझ्या बघ!"

बघितल्या. ऐंशी उलटली, तरी काळ्याभोर, नाकावरून पलीकडे जोडलेल्या. राग आला तो त्याचाच.

९ मे

कपाळावर दोन जळवा घेऊन उठले.

१२ मे

बालवाडीत आज माझ्या वर्गातली पोरं कमालीची शहाणी. लापशी निमूट खाल्ली, कुणी कुणाला चावलं नाही. मी खूश! दुपारी छोटी शहलो जवळ आली, हळूच म्हणाली, "आपा, आम्ही काय केलं? सकाळपासून रागावलाय तुम्ही."

मी तर सकाळपासून हसत होते.

१४ मे

फोन आला. आज ह्यांनीच विचारलं, "तुझा कॅमेरा का बंद?"

"माझाही बिघडलाय."

मला कळतं, ह्यांना पटलेलं नाही. मलाही ह्यांचं कुठे पटलंय?

बोलणंही हल्ली विचित्र. तोंडात घास असल्यासारखं, शब्द गिळत. "जेवताय का?" विचारलं की "हं." परवाही जेवत होते, त्याआधीही जेवत होते. पूर्वी दिवसाकाठी एक वाटी शेवया उकडून झोपणारा माणूस! कोण एवढं खाऊ घालतंय?

१७ मे

खपल्या पडू लागल्या. आज एक पुलावात पडली. सासूबाईंनी ती चिमटीत उचलून निरखली आणि मला म्हणाल्या, "जिरं करपवलंस."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१८ मे

स्वयंपाकघर पुसताना भिंतीवरच्या नानवरची धूळ झटकली. निघायच्या दिवशी ह्यांनी एक घास चावला आणि उरलेला मी तिथे खिळ्याला अडकवला. घास तोडून गेलेला माणूस उरलेला खायला परत येतो — आमच्या गल्लीत असे नान नसलेली भिंतच शोधावी लागेल. दगड झालाय पार. पण चावल्याची खूण अजून तशीच. वरच्या चार दातांची, सोन्याच्या.

त्या दातांवरच तर मी भाळले होते. ह्यांना बघायला बोलावलं तेव्हा मी पडद्याआडून पाहत होते, आणि हे कुणाच्या तरी थट्टेला हसले. आमच्या अंधाऱ्या खोलीत उजेड पडला. आई विचारत होती, "शिक्षण किती, घर कुठलं, सगळं ऐकलंस ना?" मी काहीच ऐकलं नव्हतं. मी हो म्हटलं.

ते हसणं परत बघायचंय. एवढंच. भुवया हे नुसतं निमित्त.

२२ मे

भुवया गेल्या! खपल्यांबरोबर रंगही गेला. खाली फिकट, धुऊन विटल्यासारखं काहीतरी उरलंय.

फिरुझाकडे धावले. ती शांत. "घाबरू नका, आपा. असंच होतं. रंग आत आहे, महिन्याभरात वर येतो. मग दुसऱ्या बैठकीत राहिलेलं भरू. फक्त हात लावू नका."

महिना आहे हातात. हात लावणार नाही.

३ जून

ह्यांचा फोन. लवकर तिकीट मिळालं. परवा येतायत.

परवा!

४ जून

हात लावला.

मी नाही, सासूबाईंनी. पण बसले मीच जाऊन, पाटाशेजारी, मान वर करून. त्यांनी उस्माची पानं तळहातावर चुरगळली, रस वाटीत पिळला, काडी बुडवली. त्यांचा हात आता थरथरतो हे मला आठवायला हवं होतं. मी म्हणत होते, मध्ये जोडू नका. त्या म्हणाल्या, "न जोडता त्या भुवया कसल्या?" आणि जोडून मोकळ्या झाल्या.

कोवळ्या कातडीनं रस शोषून घेतला. तो काळा होईल म्हणून वाट बघत बसले. झाला नाही. कुठे गडद, कुठे फिका, पण सगळा हिरवा. साबण लावला, तेल लावलं, दही चोळलं. कातडी लाल झाली आणि त्यावर हिरवं जास्तच उठून दिसायला लागलं.

मुनीरानं बघितलं आणि उशीत तोंड खुपसलं. सासूबाई म्हणाल्या, "पाटावरचं गवत डोळ्यांवर उगवल्यासारखं दिसतंय खरं." वर स्वतःच हसत सुटल्या.

५ जून

आले.

मी डोक्याचा रुमाल पार डोळ्यांपर्यंत ओढलेला. ह्यांनी भरघोस मिशी वाढवलेली, वर हात तोंडापाशी. अंगणात दोघं समोरासमोर उभे राहिलो ते एकाच घरात शिरलेल्या दोन चोरांसारखे. "बरी आहेस?" "बरी आहे. तुम्ही?" "बरा आहे." संपलं.

सासूबाईंनी नान काढून पुढे ठेवला. सगळे बघत होते. ह्यांनी कडेचा तुकडा मोडला आणि चहात बुडवला.

मुनीरा म्हणाली, "बाबा, चावून खायचा असतो!"

"कडक झालाय गं."

सासूबाई म्हणाल्या, "मागच्या खेपेला तीन वर्षांचा नान कडाकडा फोडलास. तेव्हा मऊ होता वाटतं?"

ह्यांनी तुकडा भिजवून गिळला, उरलेला बाजूला सारला. शेजारीपाजारी येऊन थट्टा करून गेले, तरी एकदाही हसले नाहीत. माझ्याकडे धड बघितलंही नाही.

रुमालाआड बसून मी जे समजायचं ते समजले. घरचा घास चावायचीही इच्छा उरली नाही ह्या माणसाला. सानोबारला उद्या कुठल्या तोंडानं भेटू? आणि मी बावळट, कपाळावर गवत लावून वाट बघत होते.

६ जून

सकाळी अंगणातल्या नळावर तोंड धूत होते, रुमाल खांद्यावर. हे टॉवेल घेऊन मागे उभे आहेत हे कळलंच नाही. वळले. ह्यांना दिसलं — हिरवं, नाकावरून जोडलेलं, सगळंच.

आणि हे हसले. मोठ्यानं, मान मागे टाकून. तोंडावर हात धरायचं विसरले.

वरचे चारही दात नाहीत.

हे फेब्रुवारीत कामावर परांचीवरून पडले. आम्हाला कळू दिलं नाही. "तू बघितलं असतंस तर रडली असतीस," म्हणाले. मग खाली बघून, "आणि ते दात बघूनच तर तू हो म्हणाली होतीस." मला वाटत होतं हे मी कधी कुणाला सांगितलंच नाही.

नळ तसाच वाहत राहिला. मी रडलेच. मग ह्यांनी ओल्या टॉवेलनं माझ्या भुवया पुसून बघितल्या. काही गेलं नाही.

नानचा उरलेला तुकडा एकाच पेल्यात भिजवून दोघांनी संपवला. फिरुझाला निरोप पाठवला: दुसऱ्या बैठकीची वेळ दुसऱ्या कुणाला दे. दातांचा चांगला डॉक्टर कोण, तेवढं सांग.