यातलं कुठलं आवडलं

श्रीरामपूर,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. आराधना हिस,
प्रभूच्या नावात पप्पांचा सलाम.

मी बरा आहे. साखर आटोक्यात आहे, गुडघा नाही. तुझ्या आईच्या कबरीला मागच्या आठवड्यात चुना दिला. अँड्र्यू रोज संध्याकाळी डोकावून जातो. काकाचं बघायला येतो म्हणतो, पण हल्ली तो मुख्यतः तुझ्या पार्सलकडे बघायला येतो.

पार्सल ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच पोचलं, उघडलं मात्र या महिन्यात. आज त्यातल्या खाऊचा निकाल कळवायला बसलो आहे. दोन वर्षांत बापाची एक ओळ नाही, आणि पहिलं पत्र आलं ते खाऊबद्दल, हे वाचून तुला राग येईल. येऊ दे. फक्त पत्र शेवटपर्यंत वाच. चाळीस वर्षं गणित शिकवलंय, पायऱ्या गाळून उत्तर लिहायला मला जमत नाही.

सुरुवात तांदळाच्या चकत्यांपासून केली. वरून साखरेचा पांढरा थर. आधी मीठ लागतं, मागून साखर येते, आणि आपण विचार करेपर्यंत चकती तोंडात राहिलेलीच नसते. एक चहात बुडवली तर ती चहातच गेली, चमच्याने शोधावी लागली. सात मार्क. चहाचा अनुभव सोडला असता तर आठ दिले असते.

चांदीच्या कागदातल्या, पिठात घोळलेल्या कांड्या मात्र ओळखीच्या निघाल्या. डाळ्याचं पीठ आणि गूळ, असंच वाटलं. अँड्र्यूने मोबाईल कागदावर धरून वाचलं तर ते भाजलेलं सोयाबीन! आपल्याकडे सोयाबीन गोणीत भरतात, टेम्पोत टाकतात आणि भावाच्या नावाने बोटं मोडतात. ते इतकं गोड लागतं हे इथे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. आठ मार्क.

समुद्राच्या शेवाळाचं जे काही होतं त्याचं पाकीट फोडलं आणि घरभर सुकटीचा वास सुटला. शेजारची मांजर दारात येऊन बसली. मला नाही चाललं. अँड्र्यूने सगळं संपवलं आणि वर बोटं चाटली.

आंबट गोळी जिभेवर ठेवली तसा माझा एक डोळा आपोआप मिटला. मीठ, आंबट, पुन्हा मीठ. तुझी आई असती तर तिने दुसरी मागितली असती. तिला चिंचेचं बोटूक दिसलं की तिचा चेहरा कसा व्हायचा ते तुला माहीत आहे. ती गोळी मी पूर्ण चघळली, आवडली म्हणून नाही.

अँड्र्यू एकेक पाकीट वाचत होता, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. जवळजवळ प्रत्येक पाकिटावर तेच निघत होतं: मऊ. चावायला सोपं. तोंडात विरघळणारं. तो म्हणाला, "काका, तिकडं सगळंच मऊ खातात की काय?" माझी कवळी बसवायला डॉक्टरकडे तू मला घेऊन गेली होतीस. तुला खालच्या हिरडीची दुखरी जागासुद्धा आठवते आहे, हे मला त्या पाकिटांवरून कळलं. पाणी प्यायला म्हणून मी आत गेलो.

मग परत येऊन मी सगळा खोका उलटा केला. पाकिटांच्या मधे, पुठ्ठ्याच्या घडीत, सगळीकडे पाहिलं. चिठ्ठी नव्हती. दोनदा पाहिलं. का नव्हती ते मला तोवर कळलेलं होतं.

आता मागच्या वर्षाचं सांगतो. जे लिहायचं टाळत मी शेवाळापर्यंत जाऊन आलो, ते हे.

मागच्या वर्षी तुझं पहिलं पार्सल आलं ते हंगामाच्या सणाच्या दोन दिवस आधी. सण तुला माहीत आहे. शेतातलं पहिलं पीक चर्चमध्ये आणायचं, उपासना झाली की आवारात त्याचा लिलाव. कुणी बाजरी आणतं, कुणी भोपळे, कुणी पाय बांधलेली कोंबडी. मला ना शेत ना कोंबडी, मी दर वर्षी नारळ नेतो. मागच्या वर्षी नारळाऐवजी तुझा तो निळ्या डोंगराचं चित्र असलेला पत्र्याचा डबा नेऊन ठेवला. उघडलाही नाही. देवाला द्यायची वस्तू उघडून बघू नये, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण राग होता. मुलीने परदेशातून पाठवलेल्या खाऊची मला गरज नाही, हे सगळ्या मंडळीने पाहावं असं मला वाटत होतं. पाळकांनी डबा उंच धरला तेव्हा मी मान ताठ करून बसलो होतो. आज ते आठवलं की लाज वाटते.

डबा राहीबाईंनी घेतला. वडाळ्याच्या वाटेवर राहतात, एकट्या, आईच्या प्रार्थनेला यायच्या त्या. अँड्र्यूने तुला फोनवर सांगितलं की पप्पांनी डबा चर्चमध्ये देऊन टाकला. त्याने खरं तेच सांगितलं. पण मी डबा उघडलाच नव्हता हे ना त्याने सांगितलं, ना तू विचारलंस.

यंदा सण दोन तारखेला होता. बाजरी झाली, भोपळे झाले, आणि पाळकांनी निळ्या डोंगराचा डबा वर धरला. मी जागेवरच हललो. राहीबाईंनी त्यात आपल्या परसातल्या भुईमुगाच्या शेंगा भरून आणल्या होत्या. मी हात वर केला. मागून कुणीतरी बोली वाढवली, मी पुन्हा हात वर केला. लोक वळून बघायला लागले. मास्तरांना दात नाहीत आणि शेंगांसाठी भांडतायत, असं कुणीतरी म्हणालंसुद्धा. म्हणू दे. या वेळी डबा जाऊ द्यायचा नाही एवढंच मला समजत होतं. शेंगांखाली काय आहे याची मला कल्पना नव्हती.

घरी येऊन शेंगा परातीत ओतल्या. डब्याच्या तळाशी कागद घातला होता. मातीचे डाग पडलेले, पण अक्षर तुझं. मी शिकवलेलं, उजवीकडे कललेलं.

तसाच उठून राहीबाईंकडे गेलो. त्या घाबरल्या. "मास्तर, मला कुटं वाचता येतंय? डब्यात समदं तिकडचंच लिवलेलं हुतं. मला वाटलं ह्योबी तिकडचाच कागद. चांगला जाड हाय म्हनून तळाला घातला, शेंगा गंजाला लागू नयेत म्हनून." मी त्यांना म्हणालो, तुमची काही चूक नाही. मग विचारलं, खाऊ कसा होता? त्यांचा चेहरा खुलला. "लई ग्वाड! त्यातली एक काळी वडी हुती, पुरनावानी. मला दात न्हाईत, तरी चार दीस पुरवून खाल्ली. पोरीनं तुमच्यासाठी धाडलं हुतं व्हय? मंग तुमी का न्हाई खाल्लं?"

मी कागदाची घडी खिशात घातली आणि घरी आलो.

तुझी चिठ्ठी मला आता पाठ आहे. मोची, म्हणजे तिकडची तांदळाच्या पिठाची वडी, मुद्दाम पाठवली नाही, चिकट असते, घशात अडकते, इथल्या वृद्धाश्रमातल्या माझ्या आजीआजोबांना आम्ही देत नाही, असं तू लिहिलंस. आणि खाली: "पप्पा, रागावला असाल तर दुसरं काही लिहू नका. यातलं कुठलं आवडलं तेवढंच कळवा. ते घेऊन मी नाताळला घरी येईन. काही कळवलं नाहीत तर मी समजून जाईन, पुन्हा विचारणार नाही."

तू पुन्हा विचारलं नाहीस. नाताळ गेला. मी तुझ्या आईच्या फोटोसमोर एकटा बसून केक खाल्ला आणि मनात म्हणालो, पोरीला यावंसंही वाटलं नाही. तिकडे तू कामावरून येऊन फोनकडे बघत असशील. आणि तरी यंदा पुन्हा खाऊ पाठवलास. चिठ्ठी न घालता. मऊ बघून.

निघताना दारात मी जे बोललो ते तू विसरली नसशील, मीही नाही. "स्वतःच्या बापाला टाकून परक्या म्हाताऱ्यांचं करायला चाललीस." तेव्हा तुझ्या आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं. सव्वा वर्ष तिचं सगळं तू केलंस, कूस बदलण्यापासून भरवण्यापर्यंत, मी बाहेरच्या खोलीत पेपर वाचायचो. ते वाक्य तुला नव्हे, मला लागू होतं. मला एकटं राहायची भीती वाटत होती, आणि भीती वाटते असं म्हणायला मी कधी शिकलोच नाही. म्हणून ओरडलो. माझं चुकलं, आरू. मला माफ कर.

अँड्र्यू म्हणत होता, काका, पत्राचा फोटो काढून आत्ताच पाठवतो. मी नको म्हटलं. तू कागदावर विचारलंस, उत्तर कागदावरच जाईल, स्पीड पोस्टने. फोनवर माझा आवाज उगाच चढतो. रजा यंदा मिळते की नाही मला माहीत नाही. नाताळला नसेल मिळत तर ईस्टरला. तेव्हाही नाही जमलं तर जेव्हा मिळेल तेव्हा. आणि येऊन परत जायचं असेल तर जा. तुझी तिकडची आजीआजोबा मंडळी वाट बघत असतील. या वेळी मी स्टेशनपर्यंत येईन.

आता उत्तर. मागच्या वर्षीच्या डब्यातलं मी काही खाल्लं नाही, त्यामुळे त्याबद्दल राहीबाईंचं मत धरावं लागेल. पण यंदाच्या पार्सलात सगळ्यात खाली तीच काळी वडी होती. शेवटी ठेवली होती, काल खाल्ली. आधी आशीर्वाद मागितला, मग सुरीने पातळ काप केले. राहीबाई बरोबर बोलल्या, पुरणच आहे, फक्त पोळी नाही. अर्धी त्यांना देऊन आलो. दहापैकी दहा. चाळीस वर्षांत मी पैकीच्या पैकी कुणाला दिले नव्हते, तुलाही नाही.

मला पुरणाची वडी आवडली. दोन आण, एक राहीबाईंची.

वाट बघणारा,
तुझा पप्पा
शांतवन