कापराची सात रोपं

८ जून, रवि.
सातही रोपं तपासली. पद्धत काटेकोर: आधी अंगणातल्या मोठ्या कापराचं पान चुरून नाकाला नमुना द्यायचा, मग रोपाचं पान. असं सात वेळा. सातही अस्सल कापूर. निवृत्ती आली; ३० सप्टें.ला ऑफिसचं क्वार्टर सोडून शहरातच शाहपुऱ्याच्या घरी जायचं. झाड उचलून नेता येत नाही, त्याच्या बियांची रोपं नेता येतात. क्र. ४ आपलं. बाकीची मराठी मंडळात.

१५ जून
वाटली. प्रत्येकाला माझ्या अक्षरातली चिठ्ठी: ‘शुद्ध कापूर, मूळ झाडासारखाच.’ दहा मिनिटं बोललो. ऑफिसातल्या बोरकरांनी विचारलं, बॉटनी कुठे शिकलात? म्हटलं, घरीच.

२१ जून
बोरकरांचा फोन. त्यांच्या रोपाला निलगिरीचा वास येतो म्हणे. ते शाहपुऱ्यातच राहतात. तिथल्या पाण्याचा दोष.

२२ जून
जाऊन आलो. नमुन्याचं पान खिशातून नेलं होतं. ते चुरलं, मग त्यांचं. कापूर!
"तुम्ही चुरलं की येतो बुवा," बोरकर म्हणाले. सरळ बोलायचं म्हणून नाही.

२९ जून
आणखी दोन तक्रारी. क्र. २ फुलांसारखं गोड, क्र. ६ नुसता पाला. लोकांना माती कळत नाही, असं सौ.ला सांगत होतो. ती पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "आधी आईचं पान चुरता, मग त्याच बोटांनी पोरांचं. मधे हात कधी धुता?"


३० जून
साबण. क्र. ४. निलगिरी.
पुन्हा साबण. निलगिरी.

५ जुलै
पाच दिवस वाचलं. पानात कुठलं तेल उतरणार हे झाडाच्या जन्मातच ठरतं. माती-पाणी फार तर कमी-जास्त करतात. आणि बी म्हणजे दोघांचं. आई माहीत होती, बापाचा विचार केला नव्हता.
संध्याकाळी सापडला. मागच्या गल्लीत, पाण्याच्या टाकीपाशी, दुसरा कापूर. हात धुऊन पान चुरलं. हुबेहूब क्र. ४.
सौ.ला म्हटलं, हे रोप नको न्यायला. ती म्हणाली, "आपला निखिल तरी कुठे तुमच्यावर गेलाय? ठेवलाच ना घरात."

६ जुलै
मोठ्या झाडाला पाच गुट्या बांधल्या. फांदीची साल कड्यासारखी काढून ओलं शेवाळ, वर प्लास्टिक. मुळं फुटली की फांदी कापायची. गुटीत बाप येत नाही. तेच झाड, तेच तेल.

१३ जुलै
मंडळात उभं राहून चूक सांगितली. हात धुण्याचा भागही. रोपं परत मागितली, कुणी देईना. बोरकर म्हणाले, "रोप राहू द्या, हिच्या सर्दीला बरं पडतं. चिठ्ठी तेवढी बदलून द्या." तिथेच लिहून दिली: ‘चूक माझी. वास बापाचा.’

२१ सप्टें., रवि.
चार गुट्या वाळल्या. पाचवीत पांढरं काहीतरी दिसतंय. मूळ की शेवाळाचाच धागा? भिंगाखाली दोन्ही वाटतं. सौ. म्हणते मूळ.

२९ सप्टें.
सामान गेलं. क्र. ४ टेम्पोत, सौ.च्या मांडीवर. तिनेच ठरवलं.
आता हे क्वार्टर मिळालेले तिवारीजी येऊन गेले. गुटीकडे बघून म्हणाले, "भाईसाब, ये थैली किसलिए टाँगी है?" पाऊण तास समजावलं. शेवटी म्हणाले, "कल पुताईवाले आएँगे, ये डाल छँटेगी. जो लेना है, सुबह ले जाइए."
रंगारी उद्याच, आणि मुळांना अजून पंधरा दिवस हवे होते. उद्या कापली आणि तो धागाच निघाला, तर—
चाकू उकळून ठेवलाय. सकाळी सात. हात धुऊन.